इंग्रजीचा उंबरठा आणि परदेशी पाहुणा

दरवर्षी जून महिना उजाडला की महाविद्यालयांच्या कचेऱ्यांसमोर रांगा लागतात. रांगेतल्या मुलामुलींच्या हातात गुणपत्रिका असते, शाळा सोडल्याचा दाखला असतो आणि मनात एक प्रश्न असतो : ‘वर्गात इंग्रजीतून शिकवतात काय?’ राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी अशा तालुक्यांतून कोल्हापुरास आलेल्या आम्हा मराठी शाळांच्या विद्यार्थ्यांना या प्रश्नाचे वजन चांगले ठाऊक आहे. कितीजणांनी केवळ या एका प्रश्नापायी विज्ञान शाखेचे नाव टाकले, याची गणती कोणी ठेवलेली नाही.

परंतु हाच प्रश्न मनात घेऊन कोणी हजारो मैलांवरून आपल्या देशात शिकायला आला असेल तर? त्याची मातृभाषा मराठी नव्हे, हिंदी नव्हे, इंग्रजीही बेताचीच. आपल्याला निदान वर्गाबाहेर पडल्यावर मराठीत दुःख सांगता येते. त्याला तेही नाही. अशा विद्यार्थ्याने शिकायचे कोठे? त्याच्यापुढे मार्ग कोणते? आणि त्या मार्गांतून आपल्याला काही शिकण्यासारखे आहे काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा थोडा विचार करण्याचे योजिले आहे.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले गेले ते पुण्यास शिकणाऱ्या माझ्या मावसभावामुळे. त्याच्या शेजारच्या खोलीत एक अफगाण विद्यार्थी राहतो. शालेय शिक्षण सारे दरी भाषेतून झालेले. शिष्यवृत्तीवर तो वाणिज्य शाखेत आला आणि थोड्याच दिवसांत काबूलमध्ये राज्य पालटले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तालिबानने सत्ता घेतली. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये तेथील विद्यापीठांचे दरवाजे मुलींना बंद झाले. या विद्यार्थ्याच्या धाकट्या बहिणीचे शिक्षण त्या दिवशी थांबले. म्हणजे घरातून आता शिकणारा तो एकटाच. आणि हा एकटाही नापास होत होता.

दिवाळीच्या सुटीत मी भावाकडे गेलो असता त्याच्याशी बोलणे झाले. हिंदी तो आपल्यापेक्षा सफाईने बोलतो. हिंदी चित्रपटांनी शिकवलेले हिंदी! मोडकेतोडके इंग्रजीही बोलतो. चहाच्या टपरीवर सर्वांशी त्याचे छान जमते. जमाखर्चाची गणिते बिनचूक सोडवतो. परंतु ‘सविस्तर उत्तरे लिहा’ म्हटले की त्याची लेखणी थांबते. त्याच्या एका प्राध्यापकांनी त्याला भर वर्गात सुनावले, “बाहेर तर चुरूचुरू बोलतोस, मग पेपरात का लिहीत नाहीस? आळस आहे, दुसरे काय?” हे सांगताना तो हसत होता, पण शिष्यवृत्ती पुढे चालू राहायची तर उत्तीर्ण होणे भाग आहे आणि शिक्षण संपले तर व्हिसाही संपतो, हे त्याने त्याच हसण्यात सांगितले. आमच्यापैकी कोणी नापास झाला तर गावी जाऊन शेत पाहतो. त्याला परत जाण्यास गाव उरलेले नव्हते.

तो खरोखर आळशी होता काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते पुढे मांडीत आहे.

बोलण्याची भाषा आणि पुस्तकाची भाषा

भाषा येते किंवा येत नाही, असे आपण सरसकट म्हणतो. पण भाषा येण्याचे निदान दोन प्रकार आहेत. कॅनडातील शिक्षणशास्त्रज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हा भेद स्पष्ट मांडला. एक, रोजच्या व्यवहाराची भाषा. तिच्या मदतीला समोरच्या माणसाचे हावभाव असतात, समोरची वस्तू असते, आवाजाचा चढउतार असतो. ‘हे केवढ्याला?’ हे वाक्य न कळले तरी बोट दाखवून काम भागते. दुसरी, शिक्षणाची भाषा. तिथे समोर वस्तू नसते, हावभाव नसतात. असतात ते फक्त शब्द. ‘मागणीची लवचिकता’ किंवा ‘सार्वभौमत्व’ कोणाला बोटाने दाखवता येणार? कॅनडात नव्याने आलेल्या कुटुंबांच्या मुलांचा अभ्यास करून कमिन्स यांनी पुढे असे दाखविले की व्यवहाराची भाषा साधारण दोन वर्षांत येते. परंतु अभ्यासाच्या भाषेत बरोबरीच्या मुलांना गाठण्यास पाच ते सात वर्षे लागतात.

आता ही दोन ते सात वर्षांची दरी डोळ्यांसमोर ठेवा आणि तीन वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाकडे पाहा. जो विद्यार्थी दुसऱ्या वर्षी कँटीनमध्ये अस्खलित बोलतो, तो त्याच वर्षी पेपरात अडखळतो, यात विसंगती काहीच नाही. टपरीवरचे बोलणे ऐकून पेपरातील गुणांची अपेक्षा करणे म्हणजे पोहता येते म्हणून होडी बांधता येत असेल असे धरून चालण्यासारखे आहे. त्या अफगाण मित्रावरचा आळसाचा आरोप येथेच गळून पडतो. आणि आमच्या वर्गातल्या, बारावीपर्यंत मराठीत शिकून एकाएकी इंग्रजी पुस्तकापुढे बसविलेल्या मुलांवरचाही.

कोल्हापूरच्या वेशीवरची पोलिश शाळा

परदेशी, इंग्रजी न येणारी मुले आणि त्यांचे शिक्षण हा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. आपल्यापैकी पुष्कळजण कापड खरेदीसाठी गांधीनगरला जातात. त्या बाजारपेठेच्या जागी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक छोटे पोलंड वसले होते, हे मात्र सर्वांना ठाऊक असतेच असे नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने पोलंडवर आक्रमण केले. पूर्व पोलंडमधील लाखो माणसांना १९४० - ४१ मध्ये आगगाड्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तानकडे नेण्यात आले. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच चाल केली, तेव्हा रशिया व पोलंडचे निर्वासित सरकार यांत करार होऊन या लोकांची सुटका झाली. त्यातील बरेचजण इराणमार्गे बाहेर पडले. जामनगरच्या जामसाहेबांनी १९४२ मध्ये बालाचडी येथे पोलिश मुलांना आश्रय दिला. आणि १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी उभी राहिली. त्यात बहुसंख्य बायका आणि मुले. पुढे बालाचडीची छावणी बंद झाल्यावर तेथील मुलेही वळिवड्यास आली.

या मुलांना कोणत्या भाषेत शिकवायचे? आजूबाजूला मराठी. राज्यकारभार ब्रिटिशांचा, म्हणून इंग्रजी. मुलांना दोन्ही येत नव्हत्या. छावणीने उत्तर दिले ते साधे होते : पोलिशमधून. बराकींमध्ये प्राथमिक शाळा निघाल्या, माध्यमिक शाळा निघाली; शिकविणारे शिक्षकही निर्वासितच. वेळापत्रकात इंग्रजी होते, पण ते एक विषय म्हणून, शिक्षणाचे माध्यम म्हणून नव्हे. चर्च, दवाखाना, नाट्यगृह हेही होते. परंतु छावणीचा कणा होता तो शाळा.

या निर्णयाचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. जे मूल दहाव्या वर्षी आले ते छावणी उठली तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे होते. सैबेरियात त्याची वर्षे वाया गेलीच होती. वळिवड्यास आल्यावर ‘आधी इंग्रजी शीक, मग भूगोल शिकवू’ असे त्याला म्हटले असते तर आणखी दोन-तीन वर्षे गेली असती. ती गेली नाहीत. अपूर्णांक पोलिशमध्ये शिकला तरी अपूर्णांकच असतो; भाषा बदलली म्हणून तो पुन्हा शिकावा लागत नाही.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पोलिश माध्यमामागे एक आशा होती : युद्ध संपेल आणि आपण घरी जाऊ. युद्ध संपले, परंतु पूर्व पोलंड सोव्हिएत रशियाकडे गेला. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. घर उरले नाही. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली; काहीजण पोलंडला गेले, पण पुष्कळजण ब्रिटन व अन्य इंग्रजी भाषक देशांत पांगले. म्हणजे जी भाषा वेळापत्रकात एका तासाची होती, तीच आयुष्याची भाषा ठरली. आपल्या भाषेतील शाळेने त्यांची वर्षे वाचविली, माणूस म्हणून उभे ठेवले. पण इंग्रजीचा उंबरठा टळला नाही, फक्त पुढे गेला. रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसले. पुन्हा नवी भाषा, पुन्हा तोच प्रश्न!

या पोलिश वास्तव्याची स्मृती आपल्या महावीर उद्यानातील स्तंभाच्या रूपाने उभी आहे. वॉर्सा शहरातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक असून ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पांजली वाहिली. एका छोट्या संस्थानाने परक्यांना जागा दिली, त्याची आठवण ते राष्ट्र पाऊणशे वर्षांनंतरही ठेवते, ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी अशी आहे.

जगाने काढलेले चार मार्ग

इंग्रजी किंवा यजमान देशाची भाषा न येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आजवर जगात जे मार्ग निघाले, ते ढोबळमानाने चार आहेत.

पहिला मार्ग वळिवड्याचा : परक्या देशात राहून आपल्याच भाषेत शिकणे. हा शाळेपुरताच शक्य आहे असे कोणास वाटेल. पण तसे नाही. १९४१ मध्ये एडिंबरा विद्यापीठात पोलिश वैद्यकीय विद्यालय निघाले. स्कॉटलंडमधील नामांकित विद्यापीठ. शिकविणारे मुख्यतः पोलिश प्राध्यापक आणि शिकविण्याची भाषा मुख्यतः पोलिश. १९४९ पर्यंत चाललेल्या या विद्यालयातून २२७ डॉक्टर बाहेर पडले. वैद्यक फक्त इंग्रजीतच शिकविता येते, असे म्हणणाऱ्यांनी हा दाखला पाहावा; आणि तोही खुद्द ब्रिटनमधला! मात्र यासाठी एका भाषेचे शिक्षक आणि विद्यार्थी पुरेशा संख्येने एकत्र असावे लागतात. एकट्यादुकट्याला हा मार्ग मिळत नाही.

दुसरा मार्ग : आधी भाषा, मग विषय. १९६० मध्ये मॉस्कोत आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील विद्यार्थ्यांसाठी लोकमैत्री विद्यापीठ स्थापन झाले. आफ्रिकेतील नेते पॅट्रिस लुमुंबा यांचे नाव त्याला १९६१ मध्ये देण्यात आले. येणाऱ्या विद्यार्थ्याला रशियन येत नाही हे तेथे गृहीतच धरलेले होते. म्हणून पहिले वर्ष पूर्वतयारीचे, रशियन शिकण्याचे. जपान सरकारची पदवी शिष्यवृत्ती मिळालेल्यांनाही सामान्यतः आधी एक वर्ष जपानी भाषेच्या पूर्वतयारीत घालवावे लागते. जर्मनीत ज्यांचे शालेय प्रमाणपत्र थेट प्रवेशास पुरेसे मानले जात नाही, त्यांच्यासाठी दोन सत्रांचे ‘श्टुडिएनकोलेग’ असते. तेथे जर्मन भाषा आणि पुढे घ्यावयाच्या शाखेचे मूळ विषय हे दोन्ही शिकवितात. अर्थात त्या वर्गात बसण्यापुरते जर्मन मात्र आधीच यावे लागते. या मार्गात एक वर्ष जास्त जाते; पण ते वर्ष नापास होऊन जात नाही, शिकून जाते. दोहोंत फरक आहे.

तिसरा मार्ग : भाषा आणि विषय बरोबरीने. याची सवय अमेरिकेने लावली. परदेशी विद्यार्थ्यांची इंग्रजीची परीक्षा, ‘टोफेल’, १९६४ मध्ये सुरू झाली. गुण कमी पडले तर दार बंद, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात अनेक विद्यापीठे सशर्त प्रवेश देतात : विषयाची पात्रता मान्य, इंग्रजीचा वर्ग पूर्ण केला की पुढचा मार्ग मोकळा. शिवाय तेथे दोन वर्षांची ‘कम्युनिटी कॉलेजे’ आहेत. तेथे फी विद्यापीठापेक्षा कमी असते; विद्यार्थी इंग्रजीचा तास आणि गणितासारखा कमी शब्दांचा विषय बरोबर घेतो आणि मग चार वर्षांच्या महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला जातो. येथे कल्पकता आहे ती विषयांच्या क्रमात. शब्द कमी आणि खुणा जास्त असे विषय आधी; इतिहास-तत्त्वज्ञानासारखे शब्दप्रधान विषय नंतर.

चौथा मार्ग : यजमान देशाची भाषा हाच विषय. इंग्रजी येत नसेल आणि भारतात यायचे असेल, तर इंग्रजीच्या दारानेच का यावे? आग्र्याच्या केंद्रीय हिंदी संस्थानात परदेशी विद्यार्थ्यांसाठी हिंदीचे वर्ग चालतात आणि त्यासाठी शिष्यवृत्त्याही आहेत. आपल्या महाराष्ट्रात वर्ध्याला १९९७ मध्ये महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय स्थापन झाले. तेथेही परदेशी विद्यार्थी हिंदी शिकण्यास येतात. ज्या अफगाण किंवा नेपाळी विद्यार्थ्याच्या कानावर हिंदी आधीच आहे, त्याला हा मार्ग इंग्रजीपेक्षा जवळचा असू शकतो. मात्र पुढे नोकरी-व्यवसायासाठी ही पदवी कितपत उपयोगी, याचा विचार ज्याने त्याने आपल्या देशातील परिस्थिती पाहून केला पाहिजे.

आपल्याकडे काय आहे?

भारतात परदेशी विद्यार्थी किती असतील? अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०१९ - २० च्या अहवालात त्यांची संख्या ४९,३४८ दिली आहे. ते १६८ देशांतून आलेले होते. सर्वांत जास्त नेपाळचे, २८.१ टक्के, त्याखालोखाल अफगाणिस्तानचे, ९.१ टक्के. ही आकडेवारी बोलकी आहे. ज्या देशांत शालेय शिक्षण प्रामुख्याने इंग्रजीतून होत नाही, अशा देशांतून आपल्याकडे विद्यार्थी मोठ्या संख्येने येतात.

त्यांना आणण्याची व्यवस्था आपण उत्साहाने केली आहे. मौलाना आझाद यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये स्थापन झालेली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद शिष्यवृत्त्या देते. २०१८ मध्ये ‘स्टडी इन इंडिया’ हा केंद्र सरकारचा उपक्रम सुरू झाला. परिषदेच्या अर्जासोबत विद्यार्थ्याला इंग्रजीत पाचशे शब्दांचा निबंध लिहावा लागतो. पण घरी बसून लिहिलेला निबंध आणि तीन तासांचा पेपर यांत जे अंतर आहे ते आपण वर पाहिलेच आहे. हैदराबादला १९५८ मध्ये स्थापन झालेली इंग्रजीची केंद्रीय संस्था २००७ पासून विद्यापीठ झाली असून परदेशी नागरिकांना इंग्रजी शिकविण्याचे काम ती करीत आली आहे. पुण्यात सिंबायोसिसची इंग्रजी शिकविणारी संस्था आहे.

सिंबायोसिसचे नाव आले म्हणून सांगतो. तिचे संस्थापक डॉ. शां. ब. मुजुमदार हे आपल्याच जिल्ह्यातील गडहिंग्लजचे. फर्ग्युसन महाविद्यालयात ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. मॉरिशसहून आलेला एक विद्यार्थी काविळीने आजारी असताना एक मुलगी खिडकीतून त्याला जेवण देते, हे त्यांनी पाहिले. परदेशी विद्यार्थ्यांचे एकाकीपण त्यांना जाणवले आणि त्यातून १९७१ मध्ये ‘सहजीवन’ या अर्थाचे, वनस्पतिशास्त्रातलेच नाव घेऊन संस्था उभी राहिली. संस्था पुढे केवढी वाढली हे सर्वश्रुत आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे ते त्या खिडकीचे. पाहुण्याला प्रवेश देणे निराळे आणि त्याच्या खोलीची खिडकी उघडणे निराळे.

येथे येऊ पाहणाऱ्याने काय विचारावे?

आता थोडे व्यवहाराचे. आपल्या कोणाच्या ओळखीने परदेशातील कोणी महाराष्ट्रात शिकण्याचा विचार करीत असेल, तर त्याला पुढील गोष्टी जरूर सांगाव्यात.

पहिली गोष्ट : शिकविण्याची भाषा आणि परीक्षेची भाषा हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. माहितीपत्रकात ‘माध्यम इंग्रजी’ लिहिलेले असते. वर्गात मात्र प्राध्यापक अर्धा तास मराठीत समजावून सांगतात. आपल्याला ते वरदान. परदेशी विद्यार्थ्याला तो दुहेरी भुर्दंड. त्याला इंग्रजी अर्धे कळते, मराठी मुळीच नाही.

दुसरी : आपले शालेय प्रमाणपत्र येथे समकक्ष मानले जाते की नाही, हे आधी पाहावे. २०२५ पूर्वी परदेशी पात्रतेची समकक्षता भारतीय विद्यापीठ संघ ठरवीत असे. हे काम प्रवेशानंतर करावयाचे नव्हे.

तिसरी : पहिल्या वर्षी इंग्रजीचा वेगळा वर्ग मिळतो काय, तो आठवड्यातून किती तास, आणि त्याची फी निराळी आहे काय, हे लेखी विचारावे. ‘व्यवस्था आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये.

चौथी : सहा महिन्यांपेक्षा अधिक मुदतीच्या विद्यार्थी-व्हिसावर आलेल्याने पोहोचल्यापासून चौदा दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. अर्ज भरणे, घरमालकाचा कागद मिळविणे हे सारे नव्या भाषेत पहिल्या पंधरवड्यातच येऊन पडते. म्हणून पहिल्या महिन्यात सोबतीला कोणीतरी स्थानिक विद्यार्थी असणे ही चैन नव्हे, गरज आहे.

पाचवी : विषय निवडताना त्यातील शब्दांचे ओझे तोलावे. आकडे, सूत्रे, नकाशे, प्रयोग असलेल्या विषयात कच्च्या भाषेचा विद्यार्थी तग धरतो आणि तेवढ्या काळात भाषा वाढते. केवळ ‘कला शाखा सोपी’ म्हणून आलेल्या परदेशी विद्यार्थ्याच्या वाट्याला सर्वांत जास्त लिहिणे येते.

आणि आपण?

येथवर वाचून एखादा मित्र म्हणेल, ‘हे सारे परदेशी पाहुण्यांचे झाले, आमचे काय?’ माझे म्हणणे असे की, हा प्रश्न एकच आहे. आपल्या विद्यापीठात कला शाखेच्या विद्यार्थ्याला मराठीतून उत्तरे लिहिता येतात. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून मराठीतून पदवीची वाट मोकळी केली आहे. २०२१ पासून काही महाविद्यालयांना अभियांत्रिकी भारतीय भाषांतून शिकविण्याची परवानगी मिळाली, त्यांत मराठीही आहे. एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना कळविले की, अभ्यासक्रम इंग्रजीचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत. म्हणजे पहिला मार्ग, वळिवड्याचा, आपल्याला पुष्कळसा मोकळा आहे. नाही तो दुसरा आणि तिसरा. ज्याला पुढे इंग्रजीत जायचे आहे त्याला एक वर्ष हात धरून नेणारी व्यवस्था आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नाही. आपण मराठीतून पदवी घेतो आणि मग स्पर्धा परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या दारात, छावणी उठल्यावर बोटीत बसलेल्या त्या पोलिश मुलांसारखे, इंग्रजीसमोर उभे राहतो.

मोठ्या योजना आपल्या हाती नाहीत. परंतु महाविद्यालयाच्या पातळीवर काही गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. प्रत्येक विषयाच्या प्राध्यापकांनी आपल्या पेपरातील शंभर पारिभाषिक शब्द मराठी-इंग्रजी असे समोरासमोर लिहून सत्राच्या पहिल्या आठवड्यात द्यावेत. शासनाच्या भाषा संचालनालयाने परिभाषाकोश सिद्ध केलेले आहेत. ते ग्रंथालयाच्या कपाटातून वाचनकक्षाच्या टेबलावर यावेत. पहिल्या सत्राच्या चाचणीत ‘भाषा कच्ची’ आणि ‘विषय कच्चा’ असे दोन शेरे वेगळे लिहावेत, म्हणजे विद्यार्थ्याला आपले दुखणे नेमके कोठे आहे ते कळेल. आणि ज्या महाविद्यालयात परदेशी विद्यार्थी असेल तेथे त्याला एक मराठी जोडीदार द्यावा. दोघांनी एक तास इंग्रजी, एक तास एकमेकांची भाषा असा नेम करावा. दोघांचेही इंग्रजी कच्चे असले तर बिघडत नाही. लाज अर्धी होते.

हे शेवटचे मी केवळ कल्पनेने लिहीत नाही. माझ्या मावसभावाने आणि त्या अफगाण मित्राने गेले वर्षभर हेच चालविले आहे. भावाला वाणिज्यातील व्याख्या मराठीत समजतात, त्याला आकडेमोड समजते. प्रश्नाचे उत्तर आधी भाऊ हिंदीत सांगतो, तो दरीत टिपून घेतो, मग दोघे मिळून इंग्रजीत चार वाक्ये रचतात. राहिलेल्या चार विषयांपैकी दोन सुटले आहेत. दोन अजून बाकी आहेत. ते सुटतील की नाही हे आज सांगता येत नाही. शिष्यवृत्ती मात्र या वर्षापुरती टिकली.

कोल्हापूरला बाहेरच्या विद्यार्थ्यासाठी जागा करण्याची जुनी सवय आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून येथे वसतिगृहे उभी करण्यास आरंभ केला. शाळा उघडून भागत नाही, मुलाला तेथे टिकून राहता आले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटील याच मातीतले; त्यांनी ‘कमवा आणि शिका’ सांगितले ते त्याच कारणाने. त्या काळी मुलाला बाहेर ठेवणारी भिंत जातीची आणि गरिबीची होती. त्या भिंती पुरत्या पडल्या आहेत असे नव्हे. पण भाषेची भिंत त्यांच्या जोडीला उभी राहिली आहे. ती पाडण्यासाठी इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. वर्गात शेजारी बसलेला कोणी गप्प असेल तर तो मठ्ठ आहे असे धरून चालण्याऐवजी, ‘तुला हे कोणत्या भाषेत सांगता येईल?’ एवढे विचारण्याची तयारी लागते. तो मुलगा काबूलचा असो वा काळम्मावाडीचा.